कॉलेजच्या शहरात बिऱ्हाड हलवायचं? आधी तिथला एक मे महिना पाहून या

जून उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. पलीकडून दरवर्षीचं वाक्य येतं, "दादा, प्लॉट तर घेऊन टाकला. आता किरायाची खोली पाहून द्या, अन् पोरीच्या ॲडमिशनचं काय ते बी सांगा."

म्हणजे जे सगळ्यात शेवटी करायचं ते आधी झालेलं असतं. प्लॉट झाला, मग खोली, मग शाळा-कॉलेज, मग शेतीचं कोण पाहणार, आणि आपण जातोय कशाला हा प्रश्न दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात. मीही असाच गेलो होतो. विदर्भातल्याच घाटंजी तालुक्यातल्या गावातून वर्ध्याला बिऱ्हाड हलवलं, त्याआधीच एका ले-आउटवाल्याला ५१ हजारांचा इसार देऊन बसलो होतो. त्या जागेचं एन.ए., म्हणजे शेतजमिनीचं बिगरशेती, झालेलंच नव्हतं. इसार गेला, पण क्रम कसा असावा हे समजलं. तो क्रम खाली आहे.

## निघण्याआधीची तयारी

एक दोनशे पानी वही घ्या. मोबाइलमध्ये लिहून ठेवलेलं घरातली म्हातारी माणसं वाचत नाहीत, आणि हा निर्णय त्यांचाही आहे. वहीत तीन गोष्टी आधी उतरवा: मागच्या बारा महिन्यांचा घरखर्च, शेतीची वर्षाची कामं महिन्यावार, आणि घरातल्या प्रत्येकाचं औषधपाणी.

पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मोजायचा पेनसारखा मीटर काही शे रुपयांत मिळतो, तो घ्या. एवढं सामान पुरे.

वेळही हाताशी हवा. पोरगी दहावीला असताना मे महिन्यात निकाल लागतो आणि लगेच अकरावीचं ऑनलाइन सुरू होतं. तेव्हा शहर पाहायला निघालात तर उशीर झालेला असतो. नववीच्या उन्हाळ्यात निघा.

## टप्पा १: कारण एका ओळीत लिहा, पुढे वर्षं लिहा

"शिक्षणासाठी" असं मोघम लिहू नका. "मोठीची अकरावी-बारावी, २ वर्षं." "मुलाचं इंजिनिअरिंग, ४ वर्षं." "आईचं डायलिसिस, मुदत नाही." कारण जेवढ्या वर्षांचं, निर्णयही तेवढ्याच वर्षांचा. दोन वर्षांच्या कारणासाठी वीस वर्षांचं कर्ज काढणारी घरं मी पाहिली आहेत.

"गावात आता काही राहिलं नाही" असं कोणी लिहिलं तर ती ओळ खोडा. ती खरी असेल, पण तिला मुदत नाही आणि ती तपासताही येत नाही.

मग स्वतःला विचारा: एकट्या मुलाला पाठवून भागतं का? समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आहेत. तिथे जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार आणि आदिवासी मुलांसाठी स्वयम् या योजनांतून राहण्या-जेवणाचे पैसे खात्यात येतात. इतर मागासवर्गीयांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. गाव ३०-४० किलोमीटरवर असेल तर एसटीचा विद्यार्थी पास काढा. बारावीपर्यंतच्या मुलींना तो फुकट आहे. गाडीच्या वेळा मात्र डेपोत जाऊन स्वतः पाहा. कॉलेज बाराला सुटतं आणि गावाची गाडी साडेचारला, असं असेल तर पास फुकट असून उपयोग नाही.

बरेच जण या टप्प्यावरच थांबतात. थांबलात तर पुढचं वाचायची गरज नाही.

सावधान: सीट हातात पडायच्या आधी कॉलेजच्या नावावर घर हलवू नका. इंजिनिअरिंगची जागा राज्याच्या सीईटी सेलच्या प्रवेशफेऱ्यांतून मिळते, मेडिकलची नीटच्या गुणांवर. अमरावती धरून चाललेल्या घराला पुसद लागलेलं मी पाहिलं आहे. तोवर अमरावतीत वर्षाचा किराया भरून झाला होता.

## टप्पा २: कॉलेज उठलं तर मागे काय उरतं?

कॉलेजवर चालणाऱ्या शहराचा कणा हा असा तपासायचा. डीएडची, म्हणजे मास्तर व्हायच्या पदविकेची, लाट होती तेव्हा कॉलेजांच्या आजूबाजूला खोल्यांवर खोल्या चढल्या. लाट ओसरली, कॉलेजं बंद पडली, आणि त्या खोल्यांना आजही किरायेदार नाही. त्या रस्त्यावरचं झेरॉक्सचं दुकान गेलं, खानावळ गेली, मग ऑटोही गेले.

म्हणून वहीत त्या शहरापुढे लिहा: जिल्हा कचेरी आहे का, सरकारी मेडिकल कॉलेज किंवा मोठा दवाखाना आहे का, बाजार समिती चालती आहे का, रेल्वे आहे का.

वर्ध्याचं उदाहरण घ्या. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज १९६९ पासून आहे, हिंदी विश्वविद्यालय १९९७ चं, जिल्हा कचेरी आहे, आणि दोन स्टेशनं आहेत. मुंबई-हावडा मार्गाच्या गाड्या वर्ध्याला लागतात, दिल्लीहून दक्षिणेकडे जाणाऱ्या सेवाग्रामला. नवा माणूस पहिल्या वर्षी एकदा तरी चुकीच्या स्टेशनवर उभा राहतोच. नागपूर ७५-८० किलोमीटर. यातलं एखादं कॉलेज उद्या बंद झालं तरी शहर उभं राहील.

शेगावला इंजिनिअरिंग कॉलेज १९८३ चं आहे, पण शहर चालतं ते गजानन महाराजांच्या दर्शनाला येणाऱ्यांवर. त्यामुळे बाजार बारमाही आहे, तसा सणावाराला गर्दीचा तापही आहे. पुसदलाही इंजिनिअरिंग कॉलेज आहे आणि आजूबाजूच्या तालुक्यांचा बाजार आहे, पण रेल्वे नाही. गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये आलं आणि जिल्हा कचेरी आहेच, मात्र गाडी धरायची तर देसाईगंज-वडसा गाठावं लागतं. यवतमाळला सरकारी मेडिकल कॉलेज आहे. शकुंतला ही छोटी रेल्वे बंद झाल्यापासून शहर एसटीवर आहे, वर्धा-नांदेड नव्या मार्गाचं काम चालू आहे. अकोल्याला कृषी विद्यापीठ, सरकारी मेडिकल कॉलेज आणि नीट-जेईईच्या क्लासांची गर्दी. अमरावतीची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच साडेसहा लाखांच्या जवळ होती. तिला लहान शहर समजून गेलात तर किरायात आणि रहदारीत दोन्हीकडे चूक होईल.

तपासणी: ज्या कॉलेजसाठी जाताय तिथे सगळ्या फेऱ्यांनंतर किती जागा रिकाम्या राहिल्या ते सीईटी सेलच्या संकेतस्थळावर पाहा. सलग तीन वर्षांचे आकडे वहीत लिहा. जाहिरातीच्या फलकावरचे टॉपरचे फोटो मोजू नका.

## टप्पा ३: मे महिन्यातली फेरी

या सगळ्यात महत्त्वाचं हेच, आणि लोक टाळतात तेही हेच.

आपण शहर पाहायला जातो कधी? श्रावणात, नाहीतर दिवाळीत. तेव्हा सगळं हिरवं असतं, नळाला पाणी असतं, रस्त्यावर पोरांची वर्दळ असते, तर्री-पोह्याच्या गाडीवर उभं राहायला जागा नसते. तेव्हा दिसतं ते पोरांचं शहर. पोरं मे महिन्यात घरी जातात. मागे जे उरतं त्यात तुम्हाला राहायचं आहे.

मेच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात तीन दिवस, दोन रात्री जा. नातेवाइकाकडे उतरू नका. तो पाणी भरून ठेवतो, कुलर लावून देतो, आणि तुम्हाला काहीच कळत नाही. साध्या लॉजवर राहा.

### दुपारी दोन वाजता

वर्धा, अकोला, चंद्रपूर या पट्ट्यात पारा ४५ च्या वर जातो हे आपल्याला सांगायला नको. पण गावात कडुनिंबाखाली, मातीच्या भिंतीआड काढलेली दुपार वेगळी, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या स्लॅबखालची वेगळी. घर पाहायचं ते दुपारी दोनलाच. पश्चिमेच्या भिंतीला हात लावून पाहा. कुलर बसवायला खिडकी आहे का, खिडकीबाहेर मोकळी हवा आहे की शेजारच्याची भिंत, ते पाहा. मोठा कुलर मे महिन्यात दिवसाला चार-पाच बादल्या पाणी सहज पितो. म्हणजे गारव्याचा प्रश्न फिरून पाण्यावरच येतो.

### पाणी

घरमालकाला "पाण्याचं कसं आहे?" असं विचारलं की "काही टेन्शन नाही जी" असं उत्तर येतं. त्याऐवजी त्याच गल्लीतल्या एखाद्या काकूंना विचारा, "नळ शेवटचा कधी आला होता?" दिवस आणि वेळ दोन्ही विचारा. "मंगळवारी, रात्री दोन वाजता, पाऊण तास" हे खरं उत्तर. मंगळवार आणि आज यांच्यातलं अंतर वहीत लिहा.

मग हे पाहा:

- टाकी जमिनीखालची आहे का, किती लिटरची, आणि किती बिऱ्हाडांत वाटलेली?
- बोअर आहे तर मे महिन्यात चालू आहे का? समोर बटण दाबून पाहा.
- टँकर मागवला तर पैसे कोण देणार?

बोअरच्या पाण्याचा टीडीएस तिथेच मोजा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात ५०० ही चांगली मर्यादा आहे. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. अमरावती, अकोला, बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी खारं लागतं, तिथे सगळी मदार नळावर असते. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या काही भागांत फ्लोराइडचा त्रास आहे. तो टीडीएसच्या मीटरवर दिसत नाही. त्यासाठी बाटली भरून भूजल विभागाच्या जिल्हा प्रयोगशाळेत द्यावी लागते. फ्लोराइड लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर असेल तर त्या बोअरचं पाणी प्यायचं नाही.

### संध्याकाळ आणि रात्र

रात्री नऊला पायी फिरा. कॉलेजच्या रस्त्यावर मे महिन्यात कोणती दुकानं उघडी आहेत ते मोजा. औषधाचं दुकान, किराणा, दूध. पोरं गेल्यावर ऑटो कमी होतात. स्टेशनवरून रात्री दहाला घरापर्यंत यायला ऑटो मिळतो का, ते सांगोवांगी न घेता स्वतः बसून या. घरात तरुण मुलगी असेल तर तिला या फेरीला सोबत न्या आणि तिला कुठे नको वाटलं ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या.

### दवाखाना

मोठ्या पाट्या पाहून समाधान मानू नका. तीनच प्रश्न विचारा. रात्री दोनला छातीत दुखलं तर अँजिओप्लास्टी इथे होते की नागपूरला पाठवतात? ज्याच्यासाठी जाताय त्या आजाराचा डॉक्टर आठवड्यातून किती दिवस येतो? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तो दवाखाना आहे का, आणि *तुमचा* आजार तिथे त्या योजनेत बसतो का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या आरोग्यमित्राकडून घ्या. बाहेरच्या ओळखीच्या माणसाला यातलं अर्धंच माहीत असतं.

तपासणी: तिसऱ्या दिवशी सकाळी निघताना घरातल्या प्रत्येकाने एक वाक्य लिहायचं. "इथे मला काय जड जाईल?" ज्याचं वाक्य रिकामं, त्याने नीट पाहिलं नाही.

## टप्पा ४: पावसाळ्यातली धावती फेरी

जुलै-ऑगस्टमध्ये एक दिवस पुरे. काम दोनच. नव्या वस्तीतल्या रस्त्यावर काळ्या मातीचा चिखल किती होतो ते पाहा. डांबर मुख्य रस्त्यापर्यंतच असतं आणि शेवटचे दोनशे मीटर चपला हातात घेऊन जावं लागतं. आणि मे महिन्यात विचारलेला किराया आता किती सांगतात ते विचारा. फरक पाहिलात की टप्पा ७ का लिहिला ते समजेल.

## टप्पा ५: हिशोब, पण गावात न मोजलेल्या गोष्टींसकट

लोक किराया आणि फी एवढंच मांडतात. चूक इथेच होते. गावात जे विकत घेत नव्हतो त्याची यादी आधी करा.

आमच्या वहीतलं पान असं होतं: घरची तूरडाळ, घरचे गहू, आवारातला शेवगा, वांगी-टमाटे, दूध, चुलीला पऱ्हाटी, सायकल ठेवायला जागा, पाहुण्याला झोपायला अंगण. हे सगळं शहरात पैशाने येतं. दूधच घ्या. गावात म्हैस होती म्हणून चार कप चहा वाढला तरी कळत नव्हतं. वर्ध्यात पहिल्या महिन्याचं दुधाचं बिल पाहून आईने स्वतःचा दुपारचा चहा बंद केला. कोणी सांगितलं नव्हतं तिला. अशा गोष्टी कागदावर येत नाहीत, पण हिशोबात त्याही धरा.

मग शहराचे खर्च लिहा: किराया, डिपॉझिट, वीज, पाण्याचा कॅन, क्लास, ऑटो, गावी येणं-जाणं. विजेचं मीटर वेगळं आहे का ते पक्कं विचारा. सब-मीटर असेल तर घरमालक युनिटला सरसकट दर लावतो, आणि मे महिन्यात कुलरचं बिल पाहून भांडण ठरलेलं. गावी येण्या-जाण्याचा खर्च लोक हमखास कमी धरतात. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरीच्या वरच्यांना फुकट. तरीही पेरणी, निंदण, फवारणी, वेचणी, लग्नं, मरणं मिळून वर्षाला किती फेऱ्या होतात ते मागच्या वर्षावरून मोजा.

उत्पन्नाच्या बाजूला फक्त हातात असलेला पैसा धरा. "तिथे गेल्यावर काहीतरी पाहू" याला शून्य. डबे द्यायचं ठरवत असाल तर लक्षात ठेवा, पोरं वर्षाचे सगळे महिने नसतात. परीक्षा, दिवाळी, उन्हाळा धरला तर डब्याचं उत्पन्न फार तर नऊ महिन्यांचं. किराया बारा महिन्यांचा.

सावधान: हिशोब कापूस-सोयाबीनच्या चांगल्या वर्षावर बसवू नका. मागच्या पाच वर्षांतलं सगळ्यात वाईट वर्ष घ्या. त्या वर्षी भागत असेल तर जा.

## टप्पा ६: शेत कोणाच्या हवाली?

बिऱ्हाड हललं तरी शेत हलत नाही. तीन वाटा आहेत: मक्त्याने (ठरलेल्या रकमेवर) देणं, बटईने (पिकाच्या वाट्यावर) देणं, सालदार (वर्षाचा गडी) ठेवून स्वतः पाहणं. हा ठराव पाडव्या-अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दिवसांत होतो. जूनमध्ये चांगला माणूस शोधाल तर उरलेलाच मिळेल.

मक्ता सगळ्यात सोपा, पण लेखी करा आणि सातबारावर वहिवाटीची भलती नोंद चढत नाही ना ते दरवर्षी पाहा. बटईत अर्ध्या पिकाचा वाटा मिळतो आणि अर्ध्या भांडणाचाही. सालदार ठेवला तर महिन्यातून दोन फेऱ्या धरून चला.

शहरात गेल्यावर सुटणाऱ्या दोन गोष्टी आताच वहीत लिहा. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरची पिकाची नोंद, शेतात उभं राहूनच होते, ॲप शेताचं ठिकाण बघतं. ती राहिली की विमा आणि भरपाईच्या वेळी डोक्याला हात. दुसरी, मार्चअखेर सोसायटीच्या पीककर्जाचं नवं-जुनं, म्हणजे जुनं फेडून नवं उचलणं. तारीख चुकली तर व्याजाची सवलत जाते.

एक अडचण कॅलेंडरचीच आहे. आपल्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. पेरणीही तेव्हाच. खोल्यांची मारामारीही तेव्हापासूनच. तिन्ही कामं एकाच माणसावर येतात आणि मग खोली जी मिळेल ती घेतली जाते. म्हणून सामान एप्रिल-मेमध्ये हलवा.

## टप्पा ७: पहिले ११ महिने किरायानेच

एप्रिल-मेमध्ये पोरं खोल्या सोडतात. तेव्हा घरमालक बोलणी करतो. जुलैत तो बोलत नाही, सांगतो.

कॉलेजच्या अगदी गेटसमोर घर घेऊ नका. तिथला किराया चार पोरांनी वाटून द्यायच्या हिशोबाने ठरलेला असतो, तो एका कुटुंबाला झेपत नाही. शिवाय रात्री एकपर्यंत गाड्यांचे आवाज. दोन-तीन किलोमीटर आत, जिथे कुटुंबं राहतात तिथे पाहा. वर्ध्यात पिपरी, सावंगी, बोरगाव, सिंदी, नालवाडी ही शहराला लागलेली वस्ती ग्रामपंचायतींची आहे. रस्ता एकच वाटतो, पण अलीकडे नगर परिषद आणि पलीकडे ग्रामपंचायत. नळ, कर, कचरागाडी सगळं बदलतं. घर कोणाच्या हद्दीत ते आधी विचारा.

करारनामा लेखी आणि नोंदणीकृत करून घ्या. महाराष्ट्रात तो नोंदवायची जबाबदारी कायद्याने घरमालकाची आहे. "आपल्यात कायले कागद पाहिजे?" असं म्हणणाऱ्याकडेच डिपॉझिट अडकतं. डिपॉझिट खात्यातून द्या, आणि आत जाताना भिंती, नळ, पंखे यांचे फोटो काढून घरमालकाला पाठवा.

खाण्यापिण्यावरून, जातीवरून घर नाकारणारे अजून आहेत. आडून विचारतात, "तुम्ही कोण्या गावचे? आडनाव काय?" अशा ठिकाणी पटवून देण्यात दिवस घालवू नका. ११ महिने त्याच जिन्यावरून चढायचं असतं.

### म्हाताऱ्या माणसांसाठी आधी पंधरा दिवस

घर ठरलं की आई-वडिलांना एकदम सामानासोबत आणू नका. पंधरा दिवसांसाठी आणा, परत न्या, मग विचारा. गावात ओट्यावर बसलं की येणारा-जाणारा बोलतो. ब्लॉकमध्ये दार लावलेलं असतं. माझी आई पहिला महिना गॅलरीत उभी राहून खालून जाणाऱ्या प्रत्येक पोराला "कोण्या गावचा रे बापू?" विचारायची. बहुतेक पोरांच्या कानात गाणी असायची. तळमजल्याचं, समोर ओटा किंवा झाड असलेलं घर पाचशे-हजार जास्त देऊन घ्या. आम्ही ते तिसऱ्या महिन्यात घेतलं, पहिल्याच महिन्यात घ्यायला हवं होतं.

## टप्पा ८: कागद, आणि कोणते हलवायचे नाहीत

शाळा सोडल्याचा दाखला घेताना नाव, जन्मतारीख, जात यातलं अक्षर न् अक्षर शाळेतच तपासा. नंतर दुरुस्तीला चकरा पडतात. जातीचा दाखला मूळ गावच्या पुराव्यांवर तिथल्याच उपविभागीय अधिकाऱ्याकडून काढा, आणि पडताळणीचा अर्ज बारावीची वाट न पाहता लावा.

रेशन कार्ड लगेच हलवायची घाई नको. धान्य राज्यातल्या दुसऱ्या दुकानातूनही उचलता येतं. मतदार यादीतलं नाव हलवायचं तर अर्ज क्रमांक ८ भरावा लागतो. पण नाव शहरात गेलं की गावच्या ग्रामपंचायतीत तुमचं मत उरत नाही, उमेदवारीही नाही. शेताचा पांदण रस्ता, बंधारा यांचे ठराव तिथेच होतात, तेव्हा पहिलं वर्ष थांबा.

गावचं घर बंद करताना कुलूप लावून निघू नका. कोणाला तरी राहायला द्या, फुकट दिलं तरी चालेल. मातीचं घर दोन पावसाळे बंद राहिलं की बसतं.

## टप्पा ९: दहाव्या महिन्यात वही उघडा, प्लॉटचं मग

दहावा महिना उजाडला की टप्पा १ ची ओळ वाचा. कारण अजून तेच आहे का? खर्च टप्पा ५ च्या हिशोबाच्या किती बाहेर गेला? आणि या वर्षी पोरं गेल्यानंतरचा मे महिना तुम्ही तिथे काढलात, तो कसा गेला? तिन्हींची उत्तरं बरी असतील आणि कारण दहा वर्षांच्या पुढचं असेल, तरच प्लॉटकडे वळा. नाहीतर करार वाढवा किंवा परत जा. परत जाणाऱ्याला गाव चार दिवस बोलतं, पाचव्या दिवशी कामाला बोलावतं.

प्लॉटच्या वेळी "एन.ए.टी.पी. आहे" (म्हणजे बिगरशेती झालं, नगररचनेची मंजुरीही आहे) या तोंडी शब्दावर पैसे काढू नका. अकृषक आदेशाची प्रत, मंजूर ले-आउटचा नकाशा, सातबारा आणि फेरफार हे चारही कागद स्वतः काढा. विकणाऱ्याने दिलेली झेरॉक्स धरू नका. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, त्याने मालकी सिद्ध होत नाही. नकाशात तुमचा प्लॉट बागेसाठी किंवा शाळेसाठी सोडलेल्या मोकळ्या जागेवर तर येत नाही ना, ते नगररचना कार्यालयात जाऊन पाहा. माझ्या इसाराच्या वेळी नकाशा रंगीत होता, शिक्काही होता. तो शिक्का ले-आउटवाल्याचाच होता हे मी घरी येऊन चष्मा लावल्यावर वाचलं.

आणि काळ्या मातीचं विसरू नका. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचं घर चिरतं. दर्यापूरकडच्या माणसाला विचारा, तो त्याच्या भिंती दाखवेल. प्लॉटच्या शेजारची पाच-सात वर्षं जुनी दोन घरं पाहायला मागा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेग दिसते का, पावसाळ्यात दार अडकतं का, ते त्या घरच्या बाईंना विचारा. पायाला किती खोल गेलात ते घरमालकाला विचारा. तो आकडा आणि त्या भागातल्या मिस्त्रीने सांगितलेला आकडा जुळत नसेल तर तिसऱ्या घरी जा.